पुरात चुकलेला डोस आणि तीन मोडलेले मणके

ओळख पटू नये म्हणून या प्रकरणातले नाव, गाव आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत. रुग्णाला इथे आक्का म्हटलंय, कारण घरात आणि गल्लीत सगळे त्यांना तसंच हाक मारतात.

पार्श्वभूमी

करवीर तालुक्यातलं पंचगंगेकाठचं गाव. घरी ऊस, दोन म्हशी, एक गाय. २०१८ मध्ये आक्का ६७ वर्षांच्या होत्या. गोठ्यात शेणावरून पाय घसरला, हात टेकवायला गेल्या आणि उजवं मनगट मोडलं. शहरात आणून प्लास्टर घातलं, दीड महिन्यानं काढलं. हाड नीट जुळलं आणि विषय तिथेच संपला.

खरं तर विषय तिथे सुरू व्हायला हवा होता. पाळी जाऊन वीस वर्षं झालेली बाई उभ्या उंचीवरून पडते आणि तिचं मनगट मोडतं, तेव्हा त्या मनगटाइतकाच तिच्या सगळ्या सांगाड्याचा प्रश्न असतो. एकदा असं हाड मोडलं की पुढचं हाड मोडायची शक्यता साधारण दुप्पट होते, आणि पहिली एकदोन वर्षं ती सगळ्यात जास्त असते. पण प्लास्टर घालणाऱ्याचं काम हाड जुळवणं, फॅमिली डॉक्टरचं काम बीपी बघणं, आणि मधलं काम कुणाचंच नाही. हे कोल्हापुरातच घडतं असं नाही. ग्लासगोत १९९० च्या दशकाच्या शेवटी खास याच मधल्या कामासाठी वेगळी यंत्रणा उभी करावी लागली. मोडलेल्या हाडासाठी आलेल्या प्रत्येक वयस्क रुग्णाची हाडांची तपासणी आणि पुढचे उपचार एका नेमलेल्या परिचारिकेनं बघायचे, अशी ती पद्धत.

२०१९ च्या अखेरीस पाठदुखीसाठी दाखवलं तेव्हा पहिल्यांदा डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी झाली. कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाच्या तुलनेतला आकडा, उणे ३.४, खुब्याचा उणे २.९. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या व्याख्येप्रमाणे उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार. जानेवारी २०२० मध्ये डेनोसुमॅब हे हाडाची झीज रोखणारं औषध सुरू झालं, दर सहा महिन्यांनी कातडीखाली एक इंजेक्शन.

औषधाची निवड चुकीची नव्हती. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रीडम या चाचणीत ऑस्टिओपोरोसिस असलेल्या ७,८६८ स्त्रियांवर ते तीन वर्षं तपासलं गेलं. मणक्याचे नवे फ्रॅक्चर ६८ टक्क्यांनी आणि खुब्याचे ४० टक्क्यांनी कमी झाले. गोळी गिळायची कटकट नाही, अॅसिडिटी नाही, मूत्रपिंड थोडं कमजोर असलं तरी चालतं. आक्कांनी जुलै २०२० चा डोस लॉकडाऊनच्या गडबडीतही घेतला, जानेवारी २०२१ चाही घेतला.

चौथा डोस जुलै २०२१ मध्ये होता. त्या महिन्याच्या २२ तारखेनंतर पंचगंगेनं धोक्याची पातळी ओलांडली, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि नदीकाठची गावं जनावरांसह बाहेर काढली गेली. आक्कांचं घर पाण्यात होतं. पाणी उतरल्यावर आधी गाळ, मग पंचनामे, मग कुजलेला ऊस आणि आजारी म्हैस. कपाटाच्या खालच्या कप्प्यातली डॉक्टरची फाइल लगदा झाली होती. इंजेक्शनची आठवण कुणाला झाली नाही, आणि झाली असती तरी फार बिघडलं असं वाटलं नसतं, कारण घरात ते ‘कॅल्शियमचं इंजेक्शन’ म्हणूनच माहीत होतं.

अडचण

मार्च २०२२. वडापच्या मागच्या सीटवर बसून आक्का बाजारातून परत येत होत्या. गतिरोधकावर जीप आदळली आणि पाठीत सणक भरली. दुसऱ्या दिवशी एका रुग्णालयात एक्स-रे झाला. पाठीचा बारावा मणका दबलेला दिसला. पट्टा, गोळ्या, विश्रांती. पंधरा दिवसांत आणखी खाली नवी कळ सुरू झाली, या वेळी नुसती पाण्याची कळशी उचलताना. एमआरआयमध्ये तीन ताजे फ्रॅक्चर निघाले, पाठीचा बारावा आणि कमरेचा पहिला व तिसरा. उंची पाच सेंटिमीटरनं घटली होती. रिपोर्टच्या शेवटी दोन शक्यता तपासायला सुचवल्या होत्या: क्षय आणि गाठीचा आजार. मुलानं शेवटची ओळ वाचली होती, आईला सांगितली नव्हती.

एप्रिलमध्ये त्या आमच्याकडे आल्या त्या या अवस्थेत. कूस बदलताना सून हात धरते, बसल्यावर दहा मिनिटांत आडवं व्हावं लागतं.

पहिला निर्णय: हे नक्की काय आहे?

वयस्क बाईचे एकामागून एक तीन मणके दबले म्हणजे ऑस्टिओपोरोसिसच, असं धरून चालणं आपल्या भागात परवडत नाही. मणक्याचा टीबी आहे, मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेतला कर्करोग आहे, स्तनाचा किंवा फुप्फुसाचा पसरलेला कर्करोग आहे. गुडघेदुखीवर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्याही विचारायच्या, कारण त्यांत स्टिरॉइड निघतं. आक्कांनी पुड्या घेतल्या नव्हत्या. तंबाखूची मिस्री मात्र लावत होत्या.

एमआरआय परत पाहिला तर मणक्यांमधल्या चकत्या शाबूत, गळू नाही, मणक्याच्या मागच्या भागात काही वाढ नाही. टीबीविरुद्ध ही चांगली बाजू. हिमोग्लोबिन, ईएसआर, क्रिएटिनिन, कॅल्शियम, थायरॉइड ठीक. सीरम इलेक्ट्रोफोरेसिस या रक्तातली प्रथिनं वेगळी करून बघणाऱ्या चाचणीत मायलोमाचा पट्टा नाही. ड जीवनसत्त्व १४ नॅनोग्रॅम, म्हणजे कमी, पण नुसत्या त्यानं तीन मणके मोडत नाहीत.

उत्तर मिळालं ते इंजेक्शनांची चौकशी खोदून केल्यावर. “कॅल्शियमचं एक घ्यायची की, सा म्हयन्यातनं.” कॅल्शियमचं इंजेक्शन कुणी सहा महिन्यांनी देत नाही. मुलाच्या मोबाइलमध्ये जुने फोटो शोधत गेलो तेव्हा जानेवारी २०२१ चं मेडिकलचं बिल सापडलं, आणि त्यावर औषधाचं नाव. पाठीत पहिली सणक भरली तेव्हा शेवटच्या डोसला चौदा महिने झाले होते. हाडाची झीज मोजणारी सीटीएक्स ही रक्तचाचणी सकाळी उपाशीपोटी केली. सॅम्पल बाहेर पाठवावं लागलं. आकडा आला १,२५० पिकोग्रॅम, पाळी गेलेल्या बाईतही जास्तच.

इथे औषधाचं काम थोडं समजून घ्यायला हवं. हाड आयुष्यभर मोडून बांधलं जातं. मोडणाऱ्या पेशी तयार व्हायला रँक-लिगँड नावाचं प्रथिन लागतं. डेनोसुमॅब ते अडवतं, त्यामुळे मोडतोड जवळजवळ थांबते आणि घनता वाढते. पण हे औषध हाडात साठून राहत नाही. सहा महिन्यांनी ते ओसरतं. बंधाऱ्याचे बरगे एकदम काढावेत तसं मग होतं, अडलेल्या पेशी एकाच वेळी कामाला लागतात आणि झीज उपचाराआधीच्या पातळीच्याही वर जाते. हीच ती उसळी. कमावलेली घनता एकदोन वर्षांत निघून जाते, आणि पहिला फटका मणक्यांना बसतो.

फ्रीडम चाचणीत औषध बंद केलेल्या स्त्रियांचा हिशेब २०१८ मध्ये मांडला गेला. औषध चालू असताना मणक्याच्या फ्रॅक्चरचं प्रमाण दर शंभर व्यक्ती-वर्षांमागे (म्हणजे शंभर जणींमागे वर्षाला) १.२ होतं, बंद केल्यावर ७.१ झालं. औषध न घेतलेल्या गटाचं प्रमाणही ८.५ होतं, म्हणजे संरक्षण गेलं एवढंच म्हणता आलं असतं. पण बंद केल्यानंतर ज्यांचा मणका मोडला त्यांच्यापैकी ६०.७ टक्क्यांचे एकाहून अधिक मणके मोडले. औषध न घेतलेल्या गटात हे प्रमाण ३८.७ टक्के होतं. आक्कांचे तीन मणके पंधरा दिवसांत गेले त्याचा अर्थ या आकड्यात आहे.

कोणते पर्याय होते

सिमेंट भरणं, म्हणजे व्हर्टेब्रोप्लास्टी, हा घरच्यांचा पहिला आग्रह. शेजारगावातल्या कुणाला तरी ‘टेबलावरून उठून चालत’ घरी गेलेलं त्यांनी ऐकलं होतं. २००९ मध्ये दोन चाचण्यांत काही रुग्णांना खरं सिमेंट भरलं आणि काहींवर नुसता देखावा केला. वेदना दोन्हीकडे सारख्याच कमी झाल्या. नंतरच्या एका चाचणीत अगदी ताज्या फ्रॅक्चरमध्ये फायदा दिसला, त्यामुळे वाद मिटलेला नाही. पण डेनोसुमॅब थांबल्यानंतरच्या रुग्णांत सिमेंटनंतर शेजारचे मणके मोडल्याच्या नोंदी आहेत आणि या विषयातले बहुतेक जाणकार इथे ते टाळायला सांगतात. आक्कांचे पाय बधिर नव्हते, लघवीवर ताबा होता. सिमेंट नको, हे आम्ही पहिल्याच भेटीत ठरवलं. या प्रकरणातला सर्वांत सोपा निर्णय हाच होता, फक्त घरच्यांना पटवायला सर्वांत जास्त वेळ याच निर्णयाला लागला.

टेरिपॅराटाइडची बाजू आमच्या अस्थिरोगतज्ज्ञ सहकाऱ्यानं लावून धरली. रोजचं इंजेक्शन, दोन वर्षं, हाड बांधणाऱ्या पेशींना चालना. २०१८ च्या व्हेरो चाचणीत मणक्याचं फ्रॅक्चर असलेल्या स्त्रियांना दोन वर्षं एक तर हे दिलं किंवा झीज रोखणारी रायझेड्रोनेटची गोळी. नवं फ्रॅक्चर अनुक्रमे ५.४ आणि १२ टक्क्यांना झालं. तीन मणके मोडलेल्या कुणाही रुग्णाला मीही आधी हेच सुचवलं असतं. अडचण एवढीच की डेनोसुमॅबनंतर लगेच टेरिपॅराटाइडवर नेलं तर घनता काही काळ उलट घसरते, हे २०१५ च्या डेटा-स्विच अभ्यासात दिसलं होतं. सहकाऱ्याचं म्हणणं होतं की आक्कांचा उसळीचा काळ निम्मा सरलाय, तेव्हा तो अभ्यास त्यांना तंतोतंत लागू नाही. त्यात तथ्य होतं. पण १,२५० चं सीटीएक्स समोर असताना झीज आणखी वाढवणारं औषध एकटं द्यायला माझं मन तयार होईना. शिवाय पेन फ्रीजमध्ये ठेवायचा, आणि पावसाळ्यात त्या गावात वीज किती वेळ असते हे सगळ्यांना माहीत आहे.

डेनोसुमॅब पुन्हा सुरू करणं हा कागदावर सर्वांत सरळ मार्ग. झीज काही दिवसांत दबते. पण मग पुन्हा तेच, दर सहा महिन्यांनी न चुकता, आणि कधीतरी थांबवायचं तर मागून दुसरं औषध द्यायचंच. झीज रोखणारी आठवड्याची अलेन्ड्रोनेटची गोळी बादच होती. ती घेऊन अर्धा तास ताठ बसावं लागतं.

राहिलं झोलेड्रोनेट, हेही झीज रोखणारंच. पाच मिलिग्रॅम, शिरेतून, वर्षाला एकदा. २००७ च्या होरायझन चाचणीत सुमारे ७,७०० स्त्रियांमध्ये तीन वर्षांत मणक्याचे फ्रॅक्चर ७० टक्के आणि खुब्याचे ४१ टक्के कमी झाले. डेनोसुमॅबशी तुलना करताना एक गोष्ट निर्णायक ठरली. झोलेड्रोनेट हाडात बसून राहतं. डोस उशिरा झाला तर संरक्षण हळूहळू कमी होतं, उसळी येत नाही.

आम्ही हे सगळं आक्कांसमोर मांडलं, मुलासमोर नव्हे. त्यांनी शांतपणे ऐकलं. “वर्षातनं एकदाच असंल तर द्या डॉक्टर. सा म्हयन्याचं कोण ध्यानात ठेवतंय? न्हाई तर परत पाणी आलं म्हंजी?” वैद्यकीय मुद्दा यापेक्षा नेमका मांडता आला नसता.

काय केलं

लगेच सलाइन लावता येत नव्हतं. ड जीवनसत्त्व १४ असताना झोलेड्रोनेट दिलं तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक खाली जाऊ शकतं. दुसरीकडे थांबावं तर रोज झीज चालूच. तीन आठवडे घ्यायचे ठरलं. ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून दोनदा, सोबत कॅल्शियमच्या गोळ्या. याच काळात डाव्या बाजूची हलणारी दाढ काढून घेतली. या औषधांनी जबड्याचं हाड मरण्याची गुंतागुंत ऑस्टिओपोरोसिसच्या मात्रेत फारच दुर्मीळ, दहा हजारांत एखादी किंवा त्याहूनही कमी. पण दाढ आज ना उद्या काढावी लागणारच होती, मग औषधाआधी काढलेली बरी. ड जीवनसत्त्व २७ वर आलं आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात पहिलं झोलेड्रोनेट झालं.

या पुडीबद्दल एक सांगायला हवं. आपल्याकडे ती प्रसादासारखी वाटली जाते. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या व्हायटल अभ्यासाचे हाडांबद्दलचे निष्कर्ष आले. कमतरता बघून न निवडलेल्या २५,८७१ निरोगी लोकांत रोज २,००० युनिट ड जीवनसत्त्व दिल्यानं फ्रॅक्चर कमी झाले नाहीत. ज्याला कमतरता आहे आणि ज्याला असं औषध द्यायचंय त्याला ती भरून काढावीच लागते. पण ऑस्टिओपोरोसिसवर नुसती पुडी हा उपचार नव्हे. पायाच्या रश्श्याचंही तेच. चव उत्तम, पण हाडं कितीही उकळली तरी त्यातून कॅल्शियम नगण्य उतरतं. आक्कांच्या घरचं दूध सकाळ-संध्याकाळ डेअरीला जायचं आणि त्यांच्या वाट्याला चहापुरतं उरायचं. दिवसाला दोन पेले दूध घरात ठेवायचं आणि आठवड्यातून तीनचार वेळा नाचणीची भाकरी, एवढंच सांगितलं, आणि ते पाळलं गेलं.

पहिल्या रात्री ताप आणि अंगदुखी आली. ही प्रतिक्रिया पहिल्या डोसला बऱ्याच जणांना येते आणि दोनतीन दिवसांत जाते. आधी सांगितलेलं असूनही मुलाचा रात्री घाबरून फोन आला. पॅरासिटामॉलवर भागलं.

पट्टा दीड महिन्यात सोडवला, कारण तो जास्त दिवस ठेवला तर पाठीचे स्नायू आणखी ढिले पडतात. फिजिओथेरपिस्टनं पाठ मागे ताणायचे, खुर्चीतून हात न टेकता उठायचे व्यायाम शिकवले. पुढे वाकण्याची आसनं बंद. १९८४ च्या एका लहान अभ्यासात पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या रुग्णांत ८९ टक्क्यांना नवं फ्रॅक्चर झालं होतं, मागे ताणणाऱ्यांत १६ टक्क्यांना. घरात मोरीजवळ भिंतीला पाइप बसवला, गोठ्याकडे जाणाऱ्या फरशीवर खडबडीत कोबा केला. वैरणीचा भारा आणि कळशी बंद. मिस्री काही सुटली नाही.

परिणाम

ऑगस्टमध्ये सीटीएक्स २८० वर आलं. सगळे खूश. नोव्हेंबरमध्ये परत पाहिलं तर ५९०. उसळी दबली होती, विझली नव्हती. वर्ष पूर्ण होईपर्यंत थांबायचं की दुसरा डोस आधीच द्यायचा, हा या प्रकरणातला शेवटचा अवघड निर्णय. युरोपातल्या तज्ज्ञांच्या शिफारशी अशा रुग्णात सीटीएक्स बघून डोस लवकर द्यायला मोकळीक देतात. डिसेंबर २०२२ मध्ये दुसरं झोलेड्रोनेट दिलं, ताप आला नाही, आणि त्यानंतर आकडा ३०० च्या आसपास राहिला. तिसरा डोस पुढे वर्षानं.

२०२४ च्या डेक्सामध्ये खुब्याचा टी-स्कोअर उणे २.७. कमरेचा आकडा उणे २.२ आला आणि मुलाला वाटलं, आजार गेला. दबलेला मणका कमी जागेत तेवढंच खनिज कोंबतो, म्हणून तो मशीनला घट्ट दिसतो. असे मणके मोजणीतून वगळावे लागतात. नवं फ्रॅक्चर आजवर झालेलं नाही. गेलेली उंची परत आलेली नाही, पाठीला थोडं पोक आहे आणि ऊस तोडणीच्या दिवसांत पाठ दुखतेच. आक्का गोठ्यात जातात, पण धार सून काढते.

सुनेचा प्रश्न

सूनबाईंनी २०२५ मध्ये विचारलं, “आत्तींचं झालं ते माझं होऊ नये म्हणून आत्ताच काही करता येतंय का?” वय ५२, पाळी जाऊन तीन वर्षं. त्याच वर्षी न्यूझीलंडमधल्या एका चाचणीचे निकाल आले होते. ५० ते ६० वयाच्या, ऑस्टिओपोरोसिस नसलेल्या १,०५४ स्त्रिया, दहा वर्षांचा पाठपुरावा. मणक्याचं नवं फ्रॅक्चर औषध न दिलेल्या गटात ११.१ टक्के, सुरुवातीला आणि पाच वर्षांनी झोलेड्रोनेट दिलेल्या गटात ६.३ टक्के, आणि एकदाच दिलेल्या गटात ६.६ टक्के. एकच सलाइन दहा वर्षांनंतरही फरक दाखवतं, हे मला या क्षेत्रात गेल्या काही वर्षांत वाचलेलं सर्वांत उपयोगी वाटतं. पण त्यातली बरीच फ्रॅक्चर एक्स-रेवरच दिसणारी होती, दुखलेली नव्हती, आणि सूनबाईंचा टी-स्कोअर उणे १.३ आहे. त्यांनी दोन वर्षांनी परत तपासायचं ठरवलंय.

वेगळं काय करता आलं असतं

२०१८ च्या मनगटाबद्दल वर लिहिलंच आहे. प्लास्टर काढायच्या दिवशी डेक्साची चिठ्ठी हातात दिली असती तर उपचार दीड वर्ष आधी सुरू झाले असते.

डेनोसुमॅब सुरू करताना थांबवायचं कसं हे त्याच दिवशी ठरवून कागदावर लिहायला हवं. शेवटच्या डोसनंतर सहा महिन्यांनी झोलेड्रोनेट, ही साधी ओळ. आणि औषधाचं नाव रुग्णाच्या घरच्यांना पाठ असायला हवं, ‘कॅल्शियमचं’ म्हणून चालवून घेऊ नये. सोळा आठवड्यांहून जास्त उशीर झालेल्यांत मणक्याचे फ्रॅक्चर स्पष्टपणे वाढतात, हे २०२० च्या एका मोठ्या नोंदी-अभ्यासात दिसलं. म्हणजे ऑगस्ट २०२१ मध्ये, गाळ काढून झाल्यावर कुणी एक फोन केला असता तरी वेळ गेलेली नव्हती. तो फोन डॉक्टरनंच करायला पाहिजे असं नाही. मेडिकलवाल्याच्या संगणकात बिलाची तारीख असते.

टेरिपॅराटाइडचा वाद मी आजही मिटलेला मानत नाही. डेनोसुमॅब आणि टेरिपॅराटाइड जोडीनं दिलं असतं तर घनता जास्त वाढली असती, हे अभ्यास सांगतात. दोन इंजेक्शनांचा खर्च आणि रोजची शिस्त पेलणाऱ्या घरात मी कदाचित तोच मार्ग धरला असता.

आणि शेवटची गोष्ट तारखांची. आक्कांचे डोस जानेवारी-जुलै पडत होते, म्हणजे दर वर्षी एक डोस नेमका पुराच्या महिन्यात. करवीर, शिरोळ, हातकणंगले भागातल्या नदीकाठच्या रुग्णांना डेनोसुमॅब द्यायचंच असेल तर आता आम्ही पहिला डोस एप्रिल किंवा ऑक्टोबरात देतो. आणि घरी फाइल असली तरी डोसच्या तारखा मुलाच्या आणि सुनेच्या, दोघांच्या मोबाइलमध्ये समोर बसून टाकून घेतो.